साकामोतो डेज : पहिले चार खंड वाचून झाल्यावर

पेन्सिलटोक

मंडळी, मांगावर (जपानी चित्रकथांवर) इथे अधूनमधून गप्पा होतात, पण त्या बहुतेक वेळा चारपाच जुन्या, गाजलेल्या मालिकांभोवतीच फिरतात. म्हणून हा वेगळा धागा.

'साकामोतो डेज' ही युतो सुझुकी यांची मालिका. जपानच्या 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. सुझुकी यांची ही पहिलीच दीर्घ मालिका. जानेवारी २०२५ मध्ये तिचं अ‍ॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) नेटफ्लिक्सवर आलं आणि आपल्याकडेही तिचं नाव कानावर पडायला लागलं. मी अ‍ॅनिमे बाजूला ठेवून आधी पुस्तकं हातात घेतली. चार खंड झालेत आणि धागा तेवढ्यापुरताच आहे. वीसच्या वर खंड निघालेत हे माहीत आहे, पण ज्यांनी पुढे वाचलंय त्यांनी कृपया काही फोडू नका.

गोष्ट अशी. तारो साकामोतो हा एकेकाळचा सर्वांत घातक भाडोत्री मारेकरी. त्याचं नाव ऐकलं की बाकीचे सुपारीवाले गार पडायचे. एका दुकानात काम करणाऱ्या आओईच्या तो प्रेमात पडतो आणि धंदा सोडतो. लग्न होतं, हाना नावाची मुलगी होते, आणि तो एक छोटं दुकान टाकून बसतो. दरम्यान वजन इतकं वाढतं की जुन्या ओळखीच्यांना तो ओळखूच येत नाही. गोल चष्मा, मिशी, एप्रन, सुटलेलं पोट. बोलणं जवळजवळ नाहीच. आणि घरात एक नियम: कुणाचाही जीव घ्यायचा नाही. आओईला त्याचा पूर्वीचा धंदा ठाऊक आहे आणि तिने लग्न याच अटीवर केलंय.

मग एक दिवस शिन दुकानात येतो. हा त्याचा जुना हाताखालचा पोरगा. त्याला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. साकामोतोने टोळीत परत यावं, नाही तर त्याला संपवावं, अशा हुकमाने तो आलाय.

इथून पुढचा प्रसंग मला फार आवडला. साकामोतो गल्ल्यामागे उभा आहे, चेहऱ्यावरची रेष हललेली नाही, पोट एप्रनमध्ये मावत नाहीये. शिनला क्षणभर वाटतं, संपला हा माणूस. तेवढ्यात शिनला त्याचं मन वाचता येतं आणि त्या मनात शिन मेलेला असतो. प्रत्यक्षात कुणी हललेलंही नाही. पण वाचकाला आणि शिनला एकाच वेळी कळतं की याची सगळी धार शाबूत आहे, फक्त ती तो वापरत नाहीये.

लेखकाने यातून दोन गोष्टी एकदम साधल्यात. हाणामारीच्या मांगात नायकाची ताकद पटवायला सुरुवातीलाच दहावीस माणसं आडवी करावी लागतात. इथे तशी गरजच पडली नाही. दुसरं असं की साकामोतो बोलत नाही, पण शिनला ऐकू येतं. त्यामुळे अबोल नायकाचं मन आपल्यापर्यंत पोचवायला एक माणूस कायमचा त्याच्या शेजारी बसवलाय. पुढे कितीतरी पानांवर साकामोतो एक अक्षर बोलत नाही, शिनच वैतागून उत्तर देतो, आणि संभाषण पूर्ण होतं. आपण हसतो, पण त्याच वेळी त्या दोघांचं नातंही घट्ट होत जातं, आणि त्यासाठी कुणाला भाषण ठोकावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. या मालिकेतली मारामारी इतकी चांगली का वाटते, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते श्रेय त्या एका अटीला आहे. समोरचा मारायला आलाय आणि आपल्याला मारता येत नाही. अशा वेळी नुसतं जास्त ताकदवान असून भागत नाही. प्रत्येक झटापट सोडवावी लागते. हत्यार काढून घ्यायचं, हात अडकवायचा, पायाखालची जागा काढून घ्यायची, आणि शेवटी तो माणूस जिवंत पण निकामी झाला पाहिजे. मग दुकानातल्या वस्तू कामाला येतात, भिंती, दारं, गर्दी, सगळं कामाला येतं. म्हणजे मारामारी कुठे चाललीय हे चित्रकाराला नीट दाखवावंच लागतं, कारण ती जागाच हत्यार असते.

आणि सुझुकी ते दाखवतात. कितीतरी लोकप्रिय मालिकांत मारामारी सुरू झाली की पान वेगाच्या रेषांनी भरून जातं, मागची जागा नाहीशी होते, आणि कोणी कोणाला कुठे मारलं हे संवादातून कळतं. इथे मला एकदाही मागचं पान उलटून बघावं लागलं नाही. दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे, तिसरा माणूस कोणत्या बाजूने येतोय, सगळं चौकटीतच असतं. आवाजाची अक्षरं काढून टाकली तरी झटापट समजेल.

करमणूक उद्यानाचा भाग याचं चांगलं उदाहरण. साकामोतो बायकोमुलीला घेऊन फिरायला गेलाय. त्याच्या डोक्यावर १ अब्ज येनचं इनाम लागलंय, त्यामुळे मारेकरी तिथेही मागावर आहेत. त्याला त्यांना अडवायचंय, मारायचं नाहीये, आणि हानाची सुट्टीही खराब होऊ द्यायची नाहीये. म्हणजे एका अटीच्या जागी दोन झाल्या. बॉइल्ड नावाचा जुना ओळखीचा मारेकरी समोर उभा आहे आणि इकडे मुलीला बाबा कुठे गेले हा प्रश्न पडता कामा नये. या प्रकरणात धोका आणि विनोद असे एकमेकांत मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. मला तिथेच मालिका पकडून बसली.

न आवडलेलंही सांगतो. ल्यू शाओतांग ही चिनी माफिया घराण्यातली मुलगी लवकरच दुकानात दाखल होते. दारू चढली की तिचं ताई-ची (चिनी युद्धकला) खुलतं. कल्पना छान, पण चार खंडांत तिला स्वतःचं असं फार थोडं मिळालंय. आओईचंही तेच. जिच्या एका अटीवर अख्खी मालिका उभी आहे, तिला आणखी पानं हवी होती. सुरुवातीचे काही खलनायक नुसते येतात आणि पडतात. त्यांचं नाव लक्षात ठेवायचं कारणही मिळत नाही. शिनच्या लहानपणाशी जोडलेल्या प्रयोगशाळेचा भाग येईपर्यंत मधली काही प्रकरणं एकाच साच्यातली वाटली.

पण प्रयोगशाळेत शिनची जी झुंज आहे, तिच्यासाठी हे सगळं माफ. समोरचा सेबा अदृश्य होणारा पोशाख घालतो. एकाला दिसत नाही पण ऐकू येतं, दुसरा दिसत नाही पण विचार लपवू शकत नाही. दोघांच्या मर्यादा एकमेकांसमोर ठेवून लेखकाने ती लढत रचलीय.

तुम्ही वाचली असेल तर पहिली छाप काय पडली ते लिहा. वाचली नसेल तर निदान पहिलं प्रकरण वाचून या. मांगा प्लस या अॅपवर पहिली तीन प्रकरणं अधिकृतपणे फुकट आहेत.

---

घाटमाथा

धागा आवडला. पण अटीबद्दल माझं मत बरोबर उलटं आहे. नायक मारणार नाही हे पहिल्या प्रकरणातच कळलं की प्रत्येक लढतीचा शेवट ठरून जातो. तो जिंकणार, समोरचा बेशुद्ध पडणार. मारेकऱ्यांच्या जगाची गोष्ट आणि मरणाची भीतीच नाही, तर मग पणाला काय लागलं? पहिले दोन खंड मजेत वाचले, पण धडधड एकदाही झाली नाही.

---

पेन्सिलटोक

@घाटमाथा, मुद्दा रास्त आहे. पण नायक मरणार नाही हे तर जवळजवळ प्रत्येक मालिकेत ठरलेलंच असतं. तो मारणारा असो वा नसो, पहिल्या खंडात त्याला काही होत नाही. इथे पणाला दुसरं काहीतरी लागलंय. साकामोतोला मारणं सोपं आहे. तो चिडला, थकला, घाईत असला की हात आपोआप तिकडे वळणार. त्या एका क्षणात त्याचं घर जाणार. मी पान उलटताना साकामोतो वाचेल का याची काळजी करत नव्हतो, तो स्वतःला आवरेल का याची करत होतो. आणि ही अट फक्त त्यालाच लागू आहे. समोरच्यांना नाही, आणि त्याच्या भोवतालच्या माणसांनाही संरक्षण नाही.

---

जुनापुराणा

मी या पिढीतला वाचक नाही. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठीतून वाचत मोठा झालो, मांगाकडे उशिरा वळलो. त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

मारेकरी नायक जपानी मांगात नवा नाही. ताकाओ साइतो यांची 'गोल्गो १३' ही मालिका १९६८ पासून 'बिग कॉमिक'मध्ये चालू आहे. २०२१ मध्ये २०१ वा खंड आला तेव्हा एकाच मांगा मालिकेच्या सर्वाधिक खंडांचा गिनीज विक्रम तिच्या नावावर झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साइतो गेले, पण मालिका थांबली नाही. त्यांनी आधीपासूनच चित्रपटाच्या कामासारखी कामाची वाटणी केली होती, लिहिणारे वेगळे, पार्श्वभूमी काढणारे वेगळे, त्यामुळे ती चालू राहू शकली.

हे सांगायचं कारण म्हणजे गोल्गोही साकामोतोइतकाच अबोल. पण त्याच्या गप्प बसण्याने वाचक कायम बाहेर राहतो. त्याच्या मनात काय आहे हे कळू न देणं हीच त्या मालिकेची ताकद. पेन्सिलटोक यांनी शिनबद्दल जे लिहिलंय ते वाचून माझ्या लक्षात आलं की सुझुकींनी तोच अबोल मारेकरी घेतला आणि त्याच्या मनाचं दार उघडून दिलं. जुन्या साच्याला असा एकच बदल करून केवढा फरक पडतो!

दुसरी आठवण 'कोझुरे ओकामी'ची. काझुओ कोइके यांचं लेखन आणि गोसेकी कोजिमा यांची चित्रं, १९७० साली सुरू झालेली. ओगामी इत्तो हा शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) दरबारातला शिरच्छेद करणारा अधिकारी. कारस्थानात सगळं गमावतो आणि तान्ह्या मुलाला लाकडी गाड्यात घालून ५०० र्‍योला (सोन्याची नाणी) एक अशा सुपाऱ्या घेत हिंडतो. त्या गाड्यात हत्यारं लपवलेली असतात. बाप आणि लेकरू आणि हत्या, तिन्ही एकत्र. दाइगोरो हे पोर रक्तपात उघड्या डोळ्यांनी बघत मोठं होतं आणि त्याची ती नजर विसरता येत नाही.

साकामोतोमध्ये बाप तोच आहे, पण लेकरू बघता कामा नये ही धडपड आहे. करमणूक उद्यानाचा भाग मी याच नजरेने वाचला आणि मला तो नुसता गमतीचा वाटला नाही.

---

पेन्सिलटोक

@जुनापुराणा काका, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. दाइगोरो आणि हाना ही जोडी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. 'कोझुरे ओकामी'वर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच, ही आग्रहाची विनंती.

---

तोक्योतली_कोल्हापूरकर

इथे दुकानांबद्दल थोडं लिहिते, कारण ते समजलं की गोष्टीची चव वाढते.

जपानभर कोन्बिनी, म्हणजे रोजच्या वस्तूंची छोटी दुकानं, ५५ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातली बहुतेक तीन मोठ्या साखळ्यांची. चोवीस तास उघडी, सगळीकडे तोच उजेड, त्याच मांडण्या. गल्ल्याशेजारी काचेचं गरम कपाट असतं, त्यात वाफेवरचे निकुमान (मांसाचं सारण भरलेले पाव) ठेवलेले असतात. थंडीत काच आतून धुरकट होते आणि चिमट्याने काढून कागदात गुंडाळून देतात. या मालिकेत निकुमान दिसला की मला तो वासच येतो.

पण साकामोतोचं दुकान साखळीतलं नाही, ते त्याच्या स्वतःच्या आडनावाचं आहे. अशी घरगुती दुकानं आता कमी होत चाललीत. मालक वरच्या मजल्यावर किंवा मागे राहतो, शेजारच्या आजी रोज येतात, पोरं चिल्लर मोजत उभी राहतात. माझ्या घराजवळ असं एक होतं, ते बंद झालं आणि तिथे आता गाड्या लावतात. म्हणून जगातल्या सर्वांत धोकादायक माणसाने असं दुकान चालवावं आणि त्याच्यासाठी जीव पणाला लावावा, हे इथल्या वाचकाला नुसतं विनोदी वाटत नाही. त्याला त्या दुकानाबद्दल जिव्हाळा वाटतो.

आणि जंप सोमवारी याच दुकानांत येतो! साधारण ३०० येनला एवढा जाडजूड अंक. कागद खरखरीत, पुनर्वापराचा, मधली पानं फिकट गुलाबी, पिवळट, हिरवट. शाई बोटांना लागते. ट्रेनमध्ये लोक वाचतात. आता फोनवर वाचणारे खूप वाढलेत, पण सोमवारी सकाळी अंक घेणारी मोठी माणसं मी अजून बघते.

---

शाईचा_डाग

मी चित्रकलेच्या बाजूने बोलतो.

पेन्सिलटोक यांनी जागेबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. त्यात भर घालतो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे पान उलटण्याआधीची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते. हुशार चित्रकार त्या कोपऱ्यात हालचाल अर्धवट सोडतो. हात उचललाय, पाय उचललाय, कुणीतरी मागे वळून बघतंय. पान उलटलं की परिणाम. सुझुकी हे सातत्याने करतात, आणि उलटल्यावर येणारं चित्र बहुतेक वेळा मोठं, मोकळं आणि कमी रेषांचं असतं. डोळ्याला तिथे थांबायला जागा मिळते.

दुसरं, साकामोतोचं शरीर. गोल, जड माणूस काढून त्याला चपळ दाखवणं फार अवघड आहे. सडपातळ आकृतीला झुकवलं की वेग दिसतो, गोलाला झुकवलं तर तो घरंगळतोय असं वाटतं. सुझुकी त्याचं वजन कधी लपवत नाहीत. तो उतरतो तेव्हा खाली भार पडलेला दिसतो, वळतो तेव्हा पोट किंचित मागाहून वळतं. म्हणून त्याची चपळाई खरी वाटते. पहिल्या काही खंडांतच, जोर लावून लढल्यावर तो एकदम बारीक झालेला दिसतो. ती कल्पना विनोदाची आहे, पण मला जाडा साकामोतो लढताना बघायलाच जास्त आवडतं.

फोनवर वाचणाऱ्यांना एक विनंती. दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की फोन आडवा करा. उभ्या फोनवर त्याचे दोन तुकडे होतात आणि ज्यासाठी चित्रकाराने आठवडा घालवला तेच निसटतं.

---

दोन_मुलांची_आई

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातली मुलं ही मालिका बघतायत आणि तो पुस्तक मागतोय. मी पाच मिनिटं चाळलं तर पानोपानी बंदुका आणि सुऱ्या. इथे सगळे नायक मारत नाही म्हणून कौतुक करतायत, पण तो पूर्वी मारतच होता ना? आणि गोष्ट त्याला फार मोठा माणूस म्हणून दाखवते. मला हे खटकतं. वाचलेल्यांनी प्रामाणिकपणे सांगा.

---

तोक्योतली_कोल्हापूरकर

ताई, इथे जंप मुळात शाळकरी मुलांसाठीच निघतो, वाचतात मात्र सगळ्या वयाचे. पहिल्या खंडांत रक्त आहे पण ते अंगावर येत नाही, बराच भाग हसवणारा आहे. पुढे मात्र सूर गडद होत जातो. बाकी लोक म्हणतायत म्हणून फोडत नाही, पण जखमा आणि मृत्यू वाढतात. मी असते तर पहिले दोन खंड त्याच्याबरोबर बसून वाचले असते आणि पुढचं नंतर ठरवलं असतं.

---

पेन्सिलटोक

@दोन_मुलांची_आई, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

साकामोतोने पूर्वी माणसं मारलीत हे मालिका लपवत नाही. पण तुम्ही म्हणता तसं त्या काळाचं कौतुकही आहे, हे मान्य करायलाच हवं. जुने सहकारी त्याच्याकडे आदराने बघतात, दंतकथा सांगाव्या तशा त्याच्या गोष्टी सांगतात. ज्यांना त्याने मारलं त्यांच्या घरच्यांचं काय झालं, हे चार खंडांत कुणी विचारत नाही. माझ्या मते ही मालिकेची खरी उणीव आहे आणि पुढे लेखक तिकडे वळतात का याची मी वाट बघतोय. मारेकऱ्यांची संघटना आहे, त्यांचे नियम आहेत, 'ऑर्डर' नावाच्या गटातले वरच्या दर्जाचे मारेकरी आहेत, आणि हे सगळं एखाद्या नोकरीसारखं चाललंय. ते वाचताना मजा येते, पण त्या मजेत मेलेली माणसं पुसली जातात.

दुसऱ्या बाजूने, शिनची गोष्ट मला मुलांसाठी चांगली वाटते. मारण्यापलीकडे काही येत नाही असं वाटणारा पोरगा दुकानात नोकरीला लागतो, माल लावतो, घरात जेवतो, आणि त्याला कळतं की आपल्याला असंही जगता येतं. त्याला हे कुणी शिकवत बसत नाही. साकामोतो त्याला कामाला लावतो, एवढंच. बारा वर्षांच्या मुलाशी याबद्दल बोलता येईल. पण सोबत वाचा हा वरचा सल्ला मीही देईन.

---

दोन_मुलांची_आई

दोघांचेही आभार. पहिला खंड आणते आणि आम्ही दोघं मिळून वाचतो.

---

उनाडपाऊस

हेइसुकेचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही! माशिमो हेइसुके, नेमबाज, खांद्यावर पिसुके नावाचा पोपट. नेम असा की विचारू नका, पण नशीब इतकं वाईट की पोटाला पुरेसं मिळत नाही. खेळण्यातल्या बंदुकांच्या स्पर्धेचा जो भाग आहे तो मी परत परत वाचते. मारेकऱ्यांची गोष्ट असूनही त्या भागात फक्त खेळ आहे, छर्रे आहेत, आणि तरी सगळ्या मालिकेतली मला सर्वांत आवडलेली नेमबाजी तिथेच आहे. गोळी कुठून निघाली, कशावर आपटली, कुठे गेली, सगळं चित्रात दिसतं.

आणि तो माणूस किती निर्मळ आहे. कुणी त्याला मित्र म्हटलं की त्याचा चेहरा बघा.

---

घाटमाथा

हेइसुकेचा भाग मलाही आवडला, त्याबद्दल वाद नाही.

माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. मारेकऱ्याने मारायचं नाही या कल्पनेतून धडधड कशी निर्माण करता येते ते बघायचं असेल तर कात्सुहिसा मिनामी यांची 'द फेबल' वाचा. २०१४ पासून 'यंग मॅगझिन'मध्ये आलेली. तिथे मारेकऱ्याला त्याचा बॉस सांगतो की एक वर्ष ओसाकात साध्या माणसासारखं राहायचं आणि कुणालाही मारायचं नाही. ती मोठ्यांसाठीची मांगा आहे. तिथे तो रस्त्यात मार खाऊन घेतो, मुद्दाम, कारण साध्या माणसाने तसंच केलं असतं. त्या एका प्रसंगात मला जो ताण जाणवला तो साकामोतोच्या दोन खंडांत मिळाला नाही. साकामोतो ताकद लपवत नाही, फक्त मारत नाही. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे.

---

पेन्सिलटोक

@घाटमाथा, आता तुमचा मुद्दा नीट पोचला. 'द फेबल'मधला ताण गप्प राहण्याचा आहे, ओळख झाकून ठेवण्याचा. साकामोतोमध्ये ओळख सगळ्या जगाला माहीत आहे, इनाम जाहीर आहे, पत्ता दुकानाच्या पाटीवर आहे. लपायची सोयच नाही, म्हणून ताणाची जागा हालचालीने घेतलीय. मला हालचाल बघायला आवडते, तुम्हाला दबा धरून बसणं. तरी प्रयोगशाळेपर्यंत वाचा असं सुचवेन. तिथे शिनला सगळं ऐकू येत असूनही शरीर पुरं पडत नाही, आणि तुम्हाला हवी ती धडधड मला वाटतं तिथे आहे.

---

शाईचा_डाग

अ‍ॅनिमेबद्दल दोन शब्द. टीएमएस एंटरटेनमेंटने केलंय, पहिला टप्पा जानेवारी २०२५ पासून ११ भागांचा, दुसरा जुलैपासून. रंग आणि आवाज उत्तम, शिन आणि साकामोतोची जुगलबंदी ऐकायला मजा येते. पण मारामारीत माझी निराशा झाली. पानावर जी मोठी स्थिर चौकट असते, जिथे सगळी हालचाल एका क्षणात गोठलेली दिसते, तिला पडद्यावर हलवायचं तर मधल्या शेकडो चित्रांत तेवढीच मेहनत हवी. पहिल्या भागांत ती बऱ्याच ठिकाणी जाणवली नाही. पुष्कळ वाचकांनी तेव्हा हीच तक्रार केली होती. ज्यांनी फक्त अ‍ॅनिमे बघून मालिका साधारण म्हटली असेल, त्यांनी तोच प्रसंग पुस्तकात काढून बघावा.

---

उनाडपाऊस

अगदी. छर्ऱ्यांच्या स्पर्धेचा भाग दोन्हीकडे बघितला, पुस्तकच भारी.

@पेन्सिलटोक, पुढचे खंड कधी घेणार? पाचव्याला हात लावला की थांबता येणार नाही, एवढंच सांगते, बाकी काही फोडत नाही.

---

पेन्सिलटोक

पाचवा आणि सहावा मागवलेत. ते वाचून झाले की याच धाग्यात लिहीन, म्हणजे चर्चा एकत्र राहील. तोवर पहिल्या चार खंडांतला तुमचा आवडता प्रसंग पानासकट लिहा. @शाईचा_डाग, पान उलटण्याच्या कोपऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत तशी आणखी दोनचार उदाहरणं द्याल का? मला पहिला खंड त्या दृष्टीने पुन्हा चाळायचाय.